दारात अडकवलेला पट्टा

काजवा भित्रा आहे. हे मी त्याच्या पाठीमागे म्हणत नाही, तोंडावर म्हणतो, आणि तो मान डोलावतो. "राजे, भीती हीच माझी हत्यारपेटी," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मी आयुष्यभर रंगमंचावर राजे आणि सेनापती केले. मुकुट केव्हाच भंगारात गेले, पण त्याच्या तोंडी 'राजे' राहिलं ते राहिलंच. त्याला काजवा हे नाव आम्ही नाटकवाल्यांनी दिलं. आमच्या मंडळीत तो दिवे सांभाळायचा. काळोख झाला की दातांत बारकी टॉर्च धरून विंगेतून असा पळायचा, की हात-पाय काही दिसू नयेत, नुसता हवेत तरंगणारा एक ठिपका दिसावा. आज तो त्रेसष्ट वर्षांचा आहे, मोटारींचं वायरिंग दुरुस्त करतो, आणि टॉर्च अजून दातांतच असते.

त्याचं गॅरेज म्हणजे एका गाडीपुरती पत्र्याची शेड. भिंतीवर पाने, पकडी, टेस्टर टांगलेले, आणि प्रत्येकाच्या मागे त्याची आकृती रंगवलेली. एखादं हत्यार जागेवर नसलं तर त्याची नुसती सावली उरते आणि काजवा हातातलं काम टाकून ते शोधत बसतो. गाडीच्या पोटात राहिलं असेल तर? कुठे घासलं, ठिणगी उडाली तर? असे त्याचे 'तर' संपत नाहीत.

काम सुरू करण्याआधी तो ते वहीत नाटकाच्या प्रवेशासारखं लिहून काढतो. आधी काय, मग काय, कोण कुठे उभं राहणार. आणि ते कुणीतरी मोठ्याने वाचावं लागतं, नाहीतर त्याचा हात चालत नाही. मी निवृत्त झाल्यापासून त्याचा प्रॉम्प्टर मी आहे. "बॅटरीची काळी वायर सोडवा!" मी फौजेला हुकूम द्यावा तसा गरजतो. "सोडवली," तो बॉनेटखालून म्हणतो. समोरचा टायरवाला पोट धरून हसतो. हसू दे बापडा.

कुठल्याही गाडीचं काम असो, वहीतली पहिली ओळ एकच असते. 'काचा खाली. चालकाच्या दारात पट्टा.' म्हणजे सीटचा पट्टा बाहेर ओढून दारात असा अडकवायचा की दार टेकेल पण लागणार नाही. हल्लीच्या गाड्या फार शहाण्या झाल्यात. आपण आत कोपर घालून काम करत असतो, आणि त्यांच्या मनात आलं की त्या स्वतःला कुलूप लावून घेतात. किल्ली आत, आपण बाहेर. बाकीचे मेकॅनिक एकदा फसतात आणि शिकतात. काजवा न फसताच शिकला. भित्र्या माणसाला अनुभवाची वाट बघावी लागत नाही.

पण या भीतीला जन्मतारीख आहे.

आम्ही रंगमंचावर अकरा जण होतो. दोन प्रवेशांच्या मध्ये मिट्ट काळोखात नेपथ्य हलवावं लागे. काजवा दिव्यांच्या खटक्यांपाशी उभा राहून हळू आवाजात म्हणायचा, "काळोख!" मग ज्याने त्याने सुरक्षित जागी, विंगेत पोचल्यावर म्हणायचं, "आहे." काजवा मोजायचा. अकरा झाले की म्हणायचा, "चला," आणि रंगमंच-कामगार जड लाकडी जिना ओढून न्यायचे. नियम एकच. दुसऱ्यासाठी कुणी 'आहे' म्हणायचं नाही.

त्या संध्याकाळी अकरा 'आहे' आले. काजव्याने "चला" म्हटलं. जिना गेला. आणि वरच्या फळीवर, खिळ्यात अडकलेला पदर सोडवत काजव्याची बायको अजून उभीच होती. शंभर प्रयोगांत जिथे पायरी असायची, तिथे तिने पाय टाकला.

कुणीतरी घाईत दोनदा 'आहे' म्हटलं होतं. ते मी नव्हतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

वहिनी वाचल्या. खुब्यात पट्ट्या घातल्या, पाय कायमचा ताठ झाला. त्यांना विचारलं तर म्हणतात, "पडले त्याचं काही नाही हो, टाळ्या आधीच पडून गेल्या होत्या." पण काजव्याने दुसऱ्या दिवशी दिवे सोडले. एका म्हाताऱ्या मोटार-इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली जाऊन बसला. का, विचारलं तर म्हणाला, "गाडीतला दिवा गेला तर फक्त गाडी थांबते, राजे. कुणी पडत नाही."

सव्वीस वर्षं त्याने यावर विश्वास ठेवला.

त्यांची गाडी जुनी आहे. चालकाच्या शेजारची सीट काजव्याने स्वतः मागे सरकवून बसवलीय, म्हणजे वहिनींना पाय लांब करता येतो. ती सीट त्यांना इतकी मानवली की काजवा शेडमध्ये काम करत असला तरी वहिनी गाडीत बसूनच भाजी निवडतात, पेपर वाचतात, नवऱ्याच्या चुका काढतात. ती गाडी म्हणजे त्यांचा दुसरा पाय.

गेल्या वर्षी खुब्यातल्या पट्ट्या ढिल्या झाल्या. डोंगरापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात नवा सांधा बसवायचा ठरलं. नऊ महिने थांबल्यावर तारीख मिळाली. शेवटच्या तपासणीला दोघं चालले असताना, लांबलचक बोगद्याच्या मधोमध, गाडीचे वायपर आपोआप खडखडू लागले. मग चारही दारांची कुलपं पडली. मग पुढचे दिवे गेले. मागे मालाचा ट्रक, पुढे काही म्हणजे काही दिसत नाही.

"माझ्या तोंडातून 'काळोख' निघालं, राजे," तो दुसऱ्या दिवशी मला सांगत होता. हातातला पेला खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं. "इतक्या वर्षांनी. आणि ही शेजारून म्हणते, 'आहे. पण तू आधी ब्रेक मार.'"

दिवे चाळीस सेकंदांनी आले. काजव्याची झोप मात्र आली नाही.

तीन आठवडे तो त्या गाडीच्या मागे लागला. फ्यूज पाहिले, अर्थिंग पाहिलं, वायरी बोटाबोटाने चाचपल्या. शेवटी स्टिअरिंगखालच्या पेटीवर येऊन थांबला. ही वहीएवढी काळी पेटी असते. दिवे, वायपर, काचा, कुलपं, किल्लीची ओळख, सगळ्यांना हुकूम तिच्यातून सुटतात. मेकॅनिक तिला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. मी तिला गाडीची प्रॉम्प्टर म्हणतो, आणि या प्रॉम्प्टरला वेड लागलं होतं. भलत्या पात्राला भलत्या वेळी भलतंच वाक्य देत होती.

गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपने तारीख दिली ती शस्त्रक्रियेनंतरची. "मग दुसऱ्या गाडीने ने वहिनींना," मी म्हणालो.

"आणि पाय कुठे ठेवू, टपावर?" वहिनींनी विचारलं.

नवी पेटी आली बुधवारी दुपारी. शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी. ही तारीख चुकली तर पुढली कधी, ते रुग्णालयातही कुणी सांगत नव्हतं. आणि वहिनी आता रात्री कुशीवर वळताना ओठ चावत होत्या.

त्या दुपारी पत्रा तापून टकटक वाजत होता. मी खुर्चीवर बसून वही उघडली.

"काचा खाली!"

"येत नाहीत. आठ दिवस झाले, वरच अडकल्यात. पुढे."

"चालकाच्या दारात पट्टा!"

"अडकवला."

त्याने आधी जुन्या पेटीतली सगळी माहिती लॅपटॉपवर उतरवून घेतली. मग बॅटरी सोडवली. मग टॉर्च दातांत धरून स्टिअरिंगखाली आडवा झाला आणि पेटीचे पाचही प्लग एकेक करून काढले. प्रत्येकाला रंगीत कागदाचा तुकडा बांधला. आमच्या जुन्या स्पॉटलाइटवर लावायचे तेच कागद, लाल, निळे, अंबर. जुनी पेटी बाहेर आली तेव्हा तिच्या एका कोपऱ्यात हिरवट बुरशी दिसली. कुठूनतरी पाणी मुरलं होतं.

"बघा," तो म्हणाला, "एवढ्याशा ओलीने आम्हाला मारलं असतं."

नवी बसली. बॅटरी जोडली. आता राहिलं होतं शेवटचं काम, जुनी माहिती नव्या पेटीत लिहायची. पंचवीस मिनिटांचं. त्या वेळात वीज कमी पडायला नको म्हणून त्याने चार्जर बॅटरीला लावला, बॉनेट एका फडक्यावर टेकवलं आणि चार्जर त्यावरच ठेवला.

"लिहिणं अर्ध्यात तुटलं तर?" मी विचारलं.

"तर पेटी मेली. पुन्हा जिवंत होत नाही. आणि दुसरी काय उद्या सकाळी आकाशातून पडणार?"

नव्या पेटीला दोन्ही किल्ल्यांची ओळख करून द्यायची असते. म्हणून एक किल्ली कुलपात होती, दुसरी समोरच्या खणात. लॅपटॉप वहिनींच्या मांडीवर. त्याला जोडलेल्या वायरीचं टोक ढिलं होतं, सारखं सुटायचं. ते अंगठ्याने दाबून धरायला कुणीतरी हवं होतं.

"मी धरतो," मी म्हणालो.

"तुमचे हात हलतात, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तलवारच धरा. मी इथे बसलेलीच आहे." उजवा अंगठा त्यांनी त्या टोकावर ठेवला आणि लॅपटॉपवरची पट्टी भरू लागली. एक टक्का. दोन.

आता मी काय केलं ते लिहितो.

रंगमंचावर उघडं राहिलेलं दार म्हणजे गुन्हा. प्रेक्षकाची नजर त्या फटीतून थेट विंगेत जाते, तिथे कुणी विडी ओढत असतो, कुणी मिशी चिकटवत असतो, आणि सगळा राजवाडा क्षणात पुठ्ठ्याचा होतो. म्हणून आमच्यात शिरस्ता असा, की शेवटी जाणाऱ्याने दार लावायचं, जाता जाता, आवाज न करता. पन्नास वर्षं मी दारं लावली. मी पाणी प्यायला उठलो. चालकाचं दार किलकिलं दिसलं, पट्ट्याचं टोक धुळीत लोळत होतं. मी पट्टा उचलून आत सारला आणि दार लावलं. इतक्या सफाईने की पाठमोऱ्या काजव्याला ऐकूही आलं नाही. वहिनींचे डोळे लॅपटॉपवर होते. तो पट्टा तिथे का होता हे मीच तासाभरापूर्वी खड्या आवाजात वाचलं होतं. हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

मी माठापाशी पोचलो आणि मागे आवाज झाला. टक. चारही दारांचा मिळून एकच, टक.

काजवा वळला. पहिल्यांदा त्याने दाराकडे पाहिलं, मग जमिनीवर जिथे पट्टा दिसायला हवा होता तिथे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी तो चेहरा एकदा पाहिला होता, सव्वीस वर्षांपूर्वी, दिवे परत लागले तेव्हा.

"दार कुणी लावलं?"

"मी," मी म्हणालो.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने हँडल ओढलं, दुसरं ओढलं, चारही ओढली. वहिनींनी आतून डाव्या हाताने ओढून पाहिलं. व्यर्थ. या जातीच्या गाडीचं कुलूप एकदा पक्कं बसलं की आतूनही उघडत नाही, चोराने काच फोडून हात घातला तरी दार उघडू नये म्हणून. अर्धवट लिहिलेली नवी पेटी जागी झाली होती, तिला सगळी दारं लागलेली दिसली होती, आणि तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिने केलं होतं.

"किती झालं?" काजवा काचेवर तोंड टेकवून ओरडला.

वहिनींनी डाव्या हाताची चार बोटं दाखवली. चाळीस.

म्हणजे अजून पंधरा मिनिटं. पत्र्याखाली, बंद काचांत. पंधरा मिनिटं म्हणजे काही फार नव्हे, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात माझी नजर भिंतीकडे गेली. खिळ्याला वहिनींची कापडी पिशवी लटकत होती. त्यांना दमा आहे. पंप त्या पिशवीत.

काजव्यानेही ती पाहिली होती. त्याने भिंतीवरून चाकाचा पाना ओढला. भिंतीवर पान्याची सावली तेवढी उरली. तो मागच्या काचेपाशी गेला. काच फुटली असती तर हवा आली असती, पंप देता आला असता. पण काच फुटताना वहिनी दचकल्या असत्या, अंगठा सुटला असता, पेटी मेली असती. आणि उद्याची सकाळ तिच्यासोबत. हे त्याला कळत होतं. पाना डोक्याच्या वर गेला आणि तिथेच राहिला.

वहिनींनी आतून काचेवर चापट मारली. मान जोरात हलवली, नाही. मग हाताने खूण केली, समोर ये. मला तू समोर दिसायला हवास.

"खोकली तर फोडणार," काजवा मला म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. "एकदा जरी खोकली, राजे, तर पेटी गेली खड्ड्यात." आणि तो पाना हातात घेऊन गाडीच्या समोर, चार्जरपाशी जाऊन उभा राहिला, चुकलेल्या मुलासारखा. तिथून त्याला वहिनी दिसत होत्या, पण लॅपटॉपची नुसती पाठ.

वहिनींनी पंजा दाखवला. पन्नास.

मी पिशवी छातीशी धरून गाडीच्या बाजूला उभा होतो. देवा, मी रंगमंचावर किती वेळा मेलो असेन! विष पिऊन, बाण लागून, एकदा तर हत्तीच्या पायाखाली. पण दुसऱ्याचा श्वास मोजत असा कधी उभा राहिलो नव्हतो. वहिनींच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत अडकला होता. पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता, डावा हात बोटं दाखवण्यासाठी मांडीवर तयार ठेवलेला.

पंजा आणि एक बोट. साठ.

मग बराच वेळ काही नाही. काजव्याचे ओठ हलत होते, तो सेकंद मोजत होता. वहिनींच्या गळ्याशी एक शीर उठली, खाली बसली, पुन्हा उठली. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि नाकाने हळूहळू श्वास घेतला. आमच्या नाट्यशिक्षकांनी शिकवलेला तो श्वास, लांब स्वगताआधी घ्यायचा. खोकला आत कोंडला.

पंजा आणि दोन बोटं. सत्तर. काजव्याचे खांदे जरा उतरले.

मला राहवेना. मी एक पाऊल मागे सरकून मागच्या काचेतून, वहिनींच्या खांद्यावरून, लॅपटॉपकडे पाहिलं.

बासष्ट.

मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. बासष्ट. पट्टी हलत नव्हती. आणि माझ्या डोळ्यांदेखत वहिनींनी हात वर केला आणि त्यांच्या नवऱ्याला हसऱ्या चेहऱ्याने पंजा आणि तीन बोटं दाखवली. ऐंशी.

काय करावं माणसाने? अडकलंय असं सांगितलं तर तो पाना चालवणार. नाही सांगितलं आणि पट्टी तिथेच राहिली तर? त्या बाईच्या छातीत श्वास आणखी किती वेळ पुरणार होता? मी एक दार लावून एवढं करून ठेवलं होतं. आता तोंड उघडावं की मिटावं, हेही माझ्याच वाट्याला आलं होतं.

"राजे!" काजवा ओरडला. "तुम्हाला तिकडून दिसतंय का? किती आहे?"

वहिनींनी मान वळवली नाही. पण दाराबाहेरच्या आरशातून त्यांचे डोळे माझ्यावर आले. आम्ही दोघांनी सोळा वर्षं एका रंगमंचावर काम केलंय. समोरचं पात्र वाक्य विसरलं की कसं बघतं, आणि आपण वाक्य विसरू नये म्हणून कसं बघतं, यातला फरक मला कळतो.

"ऐंशी!" मी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो.

काजव्याने माझ्याकडे पाहिलं. मग चार्जरकडे पाहिलं. मग, अगदी सावकाश, पाना बॉनेटवर ठेवला आणि दोन्ही हात रिकामे करून तिच्याकडे बघत उभा राहिला.

बासष्ट. बासष्ट. वहिनींच्या अंगठ्याचं नख पांढरं झालं होतं. त्यांचं पोट आत ओढलं गेलं, खांदे वर आले, आता खोकला येणारच होता. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा चौसष्ट होतं. मग सत्तर. मग आकडे असे धावले की माझे ओठ त्यांच्यामागे पळू लागले. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव.

आणि गाडी मेली. डॅशबोर्डवरचा शेवटचा लाल ठिपका विझला, पंख्याची घरघर थांबली. लिहिणं संपलं की पेटी एकदा पूर्ण झोपते आणि नव्याने उठते, हे वहीत लिहिलेलं होतं. दहा सेकंद. पण काही पेट्या उठत नाहीत, हे वहीत नव्हतं, आणि काजव्याला ते ठाऊक होतं.

त्याने दोन्ही तळवे बॉनेटवर टेकवले.

"काळोख!" तो म्हणाला.

काचेपलीकडे वहिनींचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण मला तो ऐकू आला.

"आहे."

मग पुढचे दिवे लागले. वायपर एकदा फिरून शहाण्यासारखे खाली बसले. काचा अंगठ्याएवढ्या खाली सरकल्या. आणि टक.

दार मीच उघडलं, काजव्याचे तळवे अजून बॉनेटवरच होते. वहिनींनी पंप दोनदा ओढला, मग जी खोकल्याची उबळ आली ती पाच मिनिटं थांबेना. काजवा शेजारी जमिनीवर बसून त्यांचा ताठ पाय धरून होता. दुसरं धरायला काही सुचलं नसावं. श्वास परत आल्यावर त्या पहिलं वाक्य माझ्याशी बोलल्या.

"भाऊजी, तुमचा प्रवेश नसताना तुम्ही मध्ये आलात कशाला?"

मी हात जोडले. अजून काय करणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे मीही त्यांच्याबरोबर निघालो. मागच्या सीटवर, हात मांडीत घालून. दाराला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. बोगद्याचं तोंड दिसलं तसा काजव्याचा पाय ढिला पडला. गाडी मंदावली, मागून भोंगे वाजू लागले.

"चल," वहिनी म्हणाल्या.

आम्ही आत शिरलो. दिवे लागले आणि लागलेले राहिले. ती सव्वा दोन मिनिटं कुणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. पलीकडचा उजेड नाण्याएवढा दिसू लागला तेव्हा काजवा समोर बघतच म्हणाला, "काल बासष्टवर अडकलं होतं ना?"

वहिनी पिशवीचा बंद सारखा करू लागल्या. मी बोगद्याची भिंत बघू लागलो.

"चार्जरचा काटा साडेसात मिनिटं हलला नव्हता," तो म्हणाला. "लिहीत असताना तो थरथरतो. तुम्ही दोघं कसलेले नट असाल, पण तो काटा नट नाही."

"मग पाना खाली का ठेवलास?" मी विचारलं.

गाडी बोगद्यातून उजेडात आली. "त्या दिवशी मी अकरा मोजले आणि बघितलं नाही," तो म्हणाला. "काल बघत होतो. ती खोकला गिळून ऐंशी दाखवत होती. आत कोंडलेलं माणूस थांब म्हणतंय, आणि बाहेरच्याने आपल्या भीतीसाठी काच फोडायची?" मग आरशात माझ्याकडे बघून, "पण राजे, तुमचा ऐंशी फार मोठ्याने आला. खरं सांगणारा इतका ओरडत नाही."

वहिनी हसल्या, आणि हसताना खुबा दुखला म्हणून त्याला चापट मारली.

रुग्णालयात त्यांना ढकलगाडीवर घालून आत नेलं. शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार रुंद, राखाडी, आपोआप लागणारं. ते लागलं तसा काजवा त्याच्यापाशी गेला आणि कपाळ टेकवून हळूच म्हणाला, "काळोख."

आतून काय उत्तर येणार? मी बाकावर बसलो होतो. 'आहे' माझ्या जिभेवर आलं. मी दात मिटून ते परत ढकललं. दुसऱ्यासाठी कुणी म्हणायचं नाही.

साडेतीन तास गेले. काजव्याने लांबलचक वऱ्हांड्यातले दिवे मोजले, बंद पडलेले दोन शोधले, एका शिपायाला जाऊन सांगितले. मग पुन्हा मोजले. त्याच्या कपाळावर दाराच्या कडेची रेघ उमटली होती.

शेवटी दार ढकलून नर्सबाई बाहेर आल्या. "तुमच्या बाई शुद्धीवर येतायत. सगळं व्यवस्थित झालं. पण मघापासून एकच घोकतायत, 'आहे, आहे.' काय आहे, आम्हाला काही कळेना. काही हवंय का त्यांना?"

नर्सबाई आत वळल्या. त्यांच्या मागे ते राखाडी दार सावकाश लागू लागलं. काजवा खाली वाकला, पायातली चप्पल काढली आणि फटीत सरकवून दिली.